ग्राफिक्स कार्डाच्या पत्रकातले आकडे कसे वाचावेत

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कर्वेनगरात मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. गेल्या महिन्यात तो बुधवार पेठेतल्या एका दुकानातून दोन ग्राफिक्स कार्डांचे भाव एका कागदावर लिहून घेऊन माझ्याकडे आला. एक होते एन्व्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचे. दुसरे त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचे. भावांत फारसे अंतर नव्हते. ‘मावशी, नवे घ्यावे की जास्त मेमरीचे?’ असा त्याचा प्रश्न होता, आणि कागदाच्या मागच्या बाजूला त्याने दोन्ही कार्डांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते.

त्या मांडणीने तो चक्रावला होता, आणि ते स्वाभाविकही होते. २०२१ साली बाजारात आलेल्या ३०६० मध्ये ३५८४ कोअर (आकडेमोड करणारे लहान घटक) आहेत, तर २०२३ च्या ४०६० मध्ये ३०७२. मेमरीच्या बसची, म्हणजे मेमरीतून चिपकडे येणाऱ्या मार्गाची, रुंदी जुन्याची १९२ बिट, नव्याची १२८ बिट. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे माहिती आणण्याचा एकूण वेग, जुन्याची सेकंदाला ३६० जीबी, नव्याची २७२ जीबी. मेमरी १२ विरुद्ध ८. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत जुने कार्ड वरचढ दिसते. तरीही १०८०पी रेझोल्यूशनवर (१९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या चित्रावर) खेळ चालवून घेतलेल्या चाचण्यांत नवे कार्ड साधारण १५ ते २० टक्के पुढे असते. हे कसे घडते, ते समजून घेतले तर कोणत्याही दोन कार्डांची तुलना करताना नेमके काय पाहायचे, हे बऱ्याच अंशी उलगडते. म्हणून त्या संध्याकाळी त्याला जे समजावले, तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

सदाशिव पेठेतली विद्यार्थ्यांची एखादी खानावळ डोळ्यांपुढे आणावी. तिथे एक मुख्य आचारी असतो, जो भाजी, आमटी, कोशिंबीर असे कोणतेही काम करू शकतो आणि पुढे काय करायचे हेही ठरवतो. संगणकाचा प्रोसेसर तसा असतो. दुसरीकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांची रांग असते. त्यातल्या प्रत्येकीचे काम एकच, पण सगळ्या जणी एकाच वेळी ते करत असल्यामुळे तासाभरात पोळ्यांची चळत उभी राहते. ग्राफिक्स कार्डावरची मुख्य चिप, म्हणजे जीपीयू, ही अशी लाटणाऱ्यांची रांग आहे. १०८०पी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर त्या सेकंदात सुमारे १२.४४ कोटी पिक्सेलांचे रंग ठरवावे लागतात. प्रत्येक पिक्सेलासाठी करायची आकडेमोड जवळपास सारखीच असते, म्हणून हे काम हजारो हातांत वाटून देता येते.

हाच गुण चित्रांपलीकडेही उपयोगी पडतो. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा संकेत इतर प्रत्येकीच्या संकेताशी जोडून पाहावा लागतो, म्हणजे ४३५ जोड्या होतात आणि त्यांचे गुणाकार अखंड चालू राहतात. दुर्बिणीच्या सुधारित रूपात हे काम जीपीयूंवर सोपवलेले आहे. काम एकसारखे आणि प्रचंड असले की लाटणाऱ्यांची रांग आचाऱ्यापेक्षा उपयोगी ठरते, याचे इतके जवळचे उदाहरण पुणेकरांना दुसरे मिळणार नाही.

आता पहिली ओळ घेऊ, कोअरची संख्या. रांगेत किती जणी आहेत, एवढेच हा आकडा सांगतो. त्या किती वेगाने लाटतात हे क्लॉकच्या आकड्यावरून कळते. ३०६० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे भाराखाली गाठायचा वरचा वेग, १७७७ मेगाहर्ट्झ आहे आणि ४०६० चा २४६०. जुनी चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली आहे, तर नवी टीएसएमसी या तैवानी चिपनिर्मात्या कंपनीच्या अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर, आणि त्यामुळे नवीला कमी विजेत जास्त वेगाने धावता येते. कोअर आणि क्लॉक यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट केली (कारण एक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करतो) की टेराफ्लॉपचा आकडा मिळतो; एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. ३०६० साठी तो १२.७ येतो आणि ४०६० साठी १५.१. म्हणजे हात कमी असूनही नव्या कार्डाची एकूण गणनशक्ती सुमारे १९ टक्के जास्त आहे. चाचण्यांत दिसणाऱ्या फरकाशी हा आकडा चांगला जुळतो.

हे जुळणे पाहून भाच्याला वाटले की मग टेराफ्लॉप तेवढे पाहिले की झाले. तसे नाही, आणि माझ्या मते खरेदीदाराची सर्वांत जास्त फसगत याच ठिकाणी होते. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआय या कार्डाचे टेराफ्लॉप १३.४ आहेत, २०२० च्या आरटीएक्स ३०७० चे २०.३. कागदावर नवे कार्ड दीडपट, पण खेळांत दोघांचा वेग जवळपास सारखाच. याचे कारण असे की, आधीच्या पिढीत दशांश संख्यांचे हिशेब करणारे एकक आणि पूर्णांकांचे हिशेब करणारे एकक वेगवेगळे होते, आणि पत्रकात फक्त पहिले मोजले जात. ३०७० च्या पिढीत पूर्णांकांचे काम करणाऱ्या एककांना दशांशाचेही काम शिकवले गेले, त्यामुळे मोजदादीत कोअर एकदम वाढले. पण खेळात पूर्णांकांचे हिशेब लागतातच, आणि ते करताना हे दुसरे हात दशांशासाठी मोकळे नसतात. लाटणाऱ्या बायकांबरोबर कणीक मळणाऱ्यांनाही ‘लाटणाऱ्या’ म्हणून मोजल्यासारखे ते झाले: लाटता त्यांना खरोखरच येते, पण कणीक मळायची वेळ आली की त्या पोळपाटावरून उठतात.

कंपनी बदलली की ही तुलना आणखी सैल होते. एन्व्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या आरएक्स ७६०० या कार्डात २०४८ कोअर आहेत, म्हणजे ४०६० पेक्षा एक तृतीयांशाने कमी. आणि टेराफ्लॉप मात्र २१.७, म्हणजे पुष्कळ जास्त. कोअर पाहिले तर ते मागे पडायला हवे, टेराफ्लॉप पाहिले तर पुढे जायला हवे. प्रत्यक्षात साध्या खेळांत दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीने चालतात, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढण्याची पद्धत) चालू केले की ४०६० पुढे जाते. एएमडीचा कोअर आणि एन्व्हिडियाचा कोअर ही एकाच मापाची वस्तू नव्हे. म्हणून मी एक नियम कटाक्षाने पाळते: कोअर आणि टेराफ्लॉप यांची तुलना एकाच कंपनीच्या एकाच पिढीत करावी, त्याबाहेर करू नये.

सैद्धांतिक शक्ती आणि प्रत्यक्ष हाती येणारी शक्ती यांतले अंतर मोठमोठ्या यंत्रांनाही चुकत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संशोधन संस्थेतला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी आला. त्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे छापतात. एक कागदावरचे शिखर, जे परम सिद्धीसाठी ५.२७ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप) होते, आणि दुसरा चाचणीत प्रत्यक्ष मोजलेला, जो ४.६२ होता. क्रमांक ठरतो तो दुसऱ्यावरून. घरगुती कार्डाच्या खोक्यावर हा दुसरा रकाना नसतो, म्हणून तो आपल्यालाच शोधावा लागतो.

मग मेमरीचे काय? येथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात: मेमरी किती आहे, ती किती वेगाने वाचता येते, आणि ती किती वेळा वाचावी लागते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. बसची रुंदी म्हणजे कोठीतून सामान आणणाऱ्या मार्गाच्या पदरांची संख्या, आणि मेमरीचा वेग म्हणजे प्रत्येक पदरावरून सामान किती झपाट्याने येते ते. ३०६० मध्ये १९२ पदर आहेत आणि प्रत्येकावरून सेकंदाला १५ गिगाबिट येतात. गुणाकाराला ८ ने भागले (आठ बिटांचा एक बाइट) की ३६० जीबी होतात. ४०६० मध्ये १२८ पदर आणि १७ गिगाबिट, म्हणून २७२. केवळ ‘१२८ बिट’ हे वाचून नाक मुरडण्यात अर्थ नाही आणि केवळ मेमरीचा वेग वाचून हुरळून जाण्यातही नाही. दोहोंचा गुणाकारच पाहावा.

पण २७२ वर भागवूनही ४०६० पुढे कसे जाते? स्वयंपाकघरात मोहरी, हळद, हिंग, तिखट यांसाठी कोणी दर फोडणीला कोठीकडे धावत नाही; मिसळणाचा डबा हाताशी असतो. चिपच्या आत असलेली कॅशे ही असाच डबा आहे. ३०६० मध्ये ही कॅशे (दुसऱ्या स्तरावरची) ३ एमबी आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. डबा आठपट मोठा झाल्यामुळे कोठीकडच्या खेपा कमी होतात आणि अरुंद मार्ग फारसा जाणवत नाही. दुकानदाराच्या पत्रकात कॅशेची ओळ बहुधा नसतेच, आणि नेमकी तीच ओळ या दोन कार्डांतले कोडे सोडवते.

मात्र या डब्याचा उपयोग काम कोणते आहे यावर अवलंबून असतो. तेच तेच जिन्नस पुन्हा पुन्हा लागत असतील तर डबा कामी येतो. दर वेळी नवे पोतेच फोडायचे असेल तर नाही. रेझोल्यूशन वाढवले की डब्यात न मावणारा भाग वाढतो आणि अरुंद बसची उणीव हळूहळू दिसू लागते. भाषेचे प्रारूप (चॅटबॉटसारखी उत्तरे लिहिणारे एआय मॉडेल) घरच्या संगणकावर चालवताना तर ही उणीव उघडी पडते. समजा प्रारूपात ७०० कोटी प्राचले (शिकताना ठरलेल्या संख्या, म्हणजे पॅरामीटर) आहेत आणि प्रत्येक एका बाइटात साठवले आहे. म्हणजे ७ जीबी. उत्तरातला प्रत्येक शब्दखंड (टोकन) तयार करताना हे सगळे ७ जीबी एकदा वाचावे लागतात, आणि २४ एमबीच्या डब्यात त्यांचा कणभरच मावतो. त्यामुळे ३०६० ला सेकंदाला फार तर ५१ शब्दखंड देता येतील आणि ४०६० ला फार तर ३८. खेळात मागे पडणारे जुने कार्ड या कामात पुढे जाते. माझ्या भाच्याचा अंतिम वर्षाचा प्रकल्प याच प्रकारचा असणार होता, म्हणून ही गोष्ट मी त्याला दोनदा सांगितली.

आता मेमरीची क्षमता, म्हणजे ८ आणि १२ जीबी. लोक हा आकडा वेगासारखा वाचतात, आणि ती चूक आहे. क्षमता हा वेग नव्हे, तो उंबरठा आहे. काम ८ जीबीत मावत असेल तर उरलेले ४ जीबी रिकामे पडून राहतात आणि त्यांनी एक चित्रही वाढत नाही. काम मावत नसेल, तर मात्र जादा माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते आणि दर वेळी मदरबोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस या दारातून आत आणावी लागते. ४०६० या दारातून आठच पदर वापरते. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या मदरबोर्डवर त्यांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर, जसा भाच्याकडे आहे, सुमारे ८. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतून २७२ मिळत असताना दारातून ८ मिळतात, म्हणजे चौतीसावा हिस्सा. खेळ अडखळतो तो येथे.

उंबरठ्याचा हा परिणाम अगदी शुद्ध स्वरूपात पाहायचा असेल तर आरटीएक्स ४०६० टीआय या कार्डाच्या चाचण्या वाचाव्यात. २०२३ मध्ये ते ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत निघाले; चिप तीच, कोअर ४३५२, बँडविड्थ दोन्हीकडे २८८ जीबी. बहुतेक खेळांत दोन्ही रूपे सारखीच धावतात, पण ज्या खेळांना सर्वोच्च सेटिंगवर ८ जीबीहून अधिक मेमरी लागते, तिथे लहान रूप अडखळते किंवा पृष्ठभागांची चित्रे धूसर दाखवते. मधली स्थिती जवळजवळ नाही: मावले किंवा नाही मावले.

प्रारूप शिकवण्याच्या कामात हा उंबरठा आधीच मोजता येतो. अॅडम ही प्राचले सुधारत नेण्याची नेहमीची पद्धत ३२ बिटांत वापरली तर प्रत्येक प्राचलामागे १६ बाइट लागतात: ४ स्वतः प्राचलाचे, ४ ग्रेडियंटचे (प्राचल कोणत्या दिशेने किती बदलायचे ते सांगणाऱ्या संख्येचे) आणि ८ दोन धावत्या सरासरींचे. म्हणजे ५० कोटी प्राचलांना ८ जीबी, आणि त्यात अजून शिकवण्याच्या माहितीची एकही तुकडी आत घेतलेली नाही. १२ जीबीवर तेच काम जपून का होईना, पण चालते. खेळात मेमरी कमी पडली तर सेटिंग खाली आणता येते. प्रशिक्षणात मेमरी संपली की प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो.

नावांविषयी थोडक्यात लिहिते. नावातला आकडा हे माप नव्हे. आरटीएक्स ३०६० चेच ऑक्टोबर २०२२ मध्ये ८ जीबीचे एक रूप आले, ज्याची बस १२८ बिटांची आणि बँडविड्थ २४० जीबी आहे. फक्त मेमरी कमी केली आहे असे नावावरून वाटते, पण एक तृतीयांश मार्गही गेलेला आहे आणि वेगही घटलेला आहे. जीटी १०३० या लहान कार्डाची दोन रूपे एकाच नावाने विकली गेली, एकाची बँडविड्थ ४८ जीबी आणि दुसऱ्याची १६.८. लॅपटॉपमध्ये तर आणखी काळजी घ्यावी: डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या चिपमध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला किती वॅट देते, यावर तिचा वेग ठरतो. म्हणून लॅपटॉप घेताना वॅटचा आकडा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पत्रक वाचून झाले की चाचण्यांकडे वळावे, पण त्याही डोळसपणे. सरासरी फ्रेम दर, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची सरासरी, हा सर्वांत लोकप्रिय आकडा आहे आणि एकटा असेल तर सर्वांत अपुराही. समजा एका सेकंदात ५० चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाली आणि ५ चित्रांना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले. सरासरी सेकंदाला ५५ चित्रांची येते, जी ऐकायला उत्तम आहे. पण खेळणाऱ्याला त्या सेकंदात पाच वेळा हिसका बसलेला असतो. म्हणून चांगले परीक्षक सरासरीबरोबर ‘एक टक्का नीचांक’ देतात, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का चित्रांवरून काढलेला दर. मेमरीचा उंबरठा ओलांडला गेला आहे का, हे सरासरीपेक्षा या नीचांकात आधी दिसते.

चाचणी कोणत्या प्रोसेसरवर झाली, हेही पाहावे. कार्डाची खरी ताकद दिसावी म्हणून परीक्षक बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण घरी आचारीच मंद असेल तर लाटणाऱ्या जणी कणकेची वाट पाहत बसतात. आपल्याकडे नेमके काय अडते हे ओळखण्याची साधी युक्ती आहे. खेळाचे रेझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम दर वाढला तर कार्ड कमी पडत होते. तो तसाच राहिला तर प्रोसेसर कमी पडतो आहे आणि नवे कार्ड घेऊनही फार काही हाती लागणार नाही.

अलीकडे तुलनेत आणखी एक गुंता शिरला आहे, तो म्हणजे मध्ये घातलेल्या फ्रेमचा. खेळाने खरोखर आखलेल्या दोन चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतः अंदाजाने चित्रे तयार करते. त्यामुळे हालचाल डोळ्यांना तलम वाटते आणि फ्रेम दर दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसतो. पण बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल असे सांगितले, ते या सोयीच्या आधारावर. ६१४४ कोअरचे कार्ड १६३८४ कोअरच्या कार्डाची बरोबरी निखळ गणनेत करत नाही. ही सोय उपयुक्त आहे आणि मला ती आवडते, पण तुलना करताना दोन्ही कार्डांवर ती बंद ठेवून घेतलेले आकडेच शेजारी मांडावेत.

विजेबद्दल बोलायचे तर ३०६० ला १७० वॅट लागतात आणि ४०६० ला ११५. रोज चार तास पूर्ण भार धरला तर वर्षाकाठी ८० युनिटांचा फरक पडतो; महावितरणच्या बिलावर आपला दर पाहून त्याचे रुपये काढता येतात. पुण्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला टेकतो तेव्हा लहान खोलीत ५५ वॅट जादा उष्णता जाणवते, हे खरे, पण निर्णय फिरवण्याइतका हा मुद्दा मोठा नाही.

एवढे सगळे ऐकल्यावर भाच्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर आपल्या प्रकल्पाचा प्रोग्रॅम चालवला आणि तो चालू असताना कार्डाची किती मेमरी वापरली जाते, ते पाहिले. माहितीची तुकडी लहान ठेवूनही आकडा नऊ जीबीच्या पुढे गेला. खेळांपैकी तो जे दोन खेळतो, ते त्याच्या जुन्या प्रोसेसरवरच अडतात, हेही रेझोल्यूशन कमी करून त्याने तपासले. दुसऱ्या दिवशी त्याने बुधवार पेठेत जाऊन ३०६० घेतले, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून पावतीवर नावापुढे ‘१२ जीबी, १९२ बिट’ असे लिहून घेतले.